मातीतली भाऊबंदकी

पावसाने चार दिवस उघडीप दिली आणि आप्पांच्या मिरचीने माना टाकल्या. नंदुरबार तालुक्यातले वावर. गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर, खाली ठिबकची नळी, पहिला तोडा आठवड्यावर आलेला. दुपारी मलूल दिसणारी झाडे संध्याकाळी पुन्हा ताठ व्हायची, म्हणून दोन दिवस उन्हाला बोल लावण्यात गेले. तिसऱ्या दिवशी ती उठलीच नाहीत. आप्पांनी एक झाड धरून ओढले, तर ते लोण्यातून काडी निघावी तसे बाहेर आले. सोटमूळ तपकिरी पडलेले, तंतुमुळे झडून गेलेली. जमिनीलगतच्या मानेवर लालसर तपकिरी खोलगट डाग होता आणि अंगठ्याने दाबताच तिथली साल सुटून आली.

"मर लागली, दुसरं काय," आप्पा म्हणाले. "दुकानात जाऊन येतो."

"काय आणणार?"

"मरचं औषध."

त्या दोन शब्दांपाशी मी अडकलो आणि पुढची दोन वर्षे अडकूनच राहिलो. हा लेख त्यातून आला.

मर हा शब्द परिणामाचा आहे, कारणाचा नाही. झाड मेले एवढेच तो सांगतो. मारेकरी मात्र वेगवेगळे असतात. रोपवाटिकेत कोवळे रोप मानेशी पाण्याने भिजल्यासारखे मऊ होऊन आडवे पडले, तर बहुधा पिथियम. खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या तर फ्युजेरियम. मानेभोवती पांढऱ्या धाग्यांचा कापूस आणि त्यात मोहरीसारखे दाणे असतील तर स्क्लेरोशियम रॉल्फसी. पाणी साचलेल्या भागात मान काळपट पडून झाडे पट्ट्यापट्ट्याने गेली, तर फायटोफ्थोरा. खोडाचा ताजा तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगल्यावर दुधासारखी धार खाली उतरली, तर दोष बुरशीचा नाहीच, तो जिवाणूचा आहे. आणि मान व मुळे कोरडी, लालसर तपकिरी कुजलेली, रोप लहान असेल तर खोड तारेसारखे बारीक झालेले, असे दिसले की संशय ऱ्हायझोक्टोनिया सोलॅनीवर जातो. आप्पांच्या हातातले झाड या शेवटच्या जातीचे होते.

यांपैकी पिथियम आणि फायटोफ्थोरा या खऱ्या अर्थाने बुरशाच नव्हेत. त्यांचे नाते शेवाळांच्या एका शाखेशी अधिक जवळचे आहे. त्यांच्यावर चालणारे मेटालॅक्झिल ऱ्हायझोक्टोनियाला काही करत नाही, आणि ऱ्हायझोक्टोनियाला आवरणारे कार्बेन्डाझिम पिथियमला शिवत नाही. तरीही दुकानात मागणी होते ती 'मरच्या औषधा'ची. पैसे जातात, आठवडा जातो आणि आळवणी केलेल्या ओळीशेजारची ओळही बसते. ज्या पिकावर घराचे वर्षाचे गणित उभे आहे, त्याच्या बाबतीत ही ढोबळ भाषा आपल्याला परवडत नाही.

आता समजा, मारेकरी ऱ्हायझोक्टोनियाच आहे हे नक्की झाले. तरी प्रश्न सुटत नाही, कारण ऱ्हायझोक्टोनिया सोलॅनी हे नाव एका बुरशीचे नसून एका मोठ्या भावकीचे आहे.

नावापासूनच गुंता आहे. फ्रान्समध्ये केशराचे कंद जमिनीत कुजत आणि एका झाडापासून रोग गोलाकार पसरत जाई. १७२८ साली द्युआमेल द्यू मोंसो यांनी त्यामागे जमिनीतली एक परजीवी बुरशी असल्याचे दाखवले. बुरशी ही रोगाचे कारण असू शकते, हे मानायला जग अजून शंभर वर्षे घेणार होते. १८१५ मध्ये द कँडोल यांनी अशा बुरशांसाठी ऱ्हायझोक्टोनिया हे प्रजातीनाम योजले. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ होतो मुळांचा खुनी. केशरावरची ती मूळ बुरशी आज दुसऱ्याच कुळात गणली जाते. मुळांचा खुनी ही पदवी आता जिच्या नावावर आहे, ती सापडली बटाट्यावर. बटाट्याच्या सालीवर काळी, मातीच्या ढेकळासारखी खपली असते. कितीही धुवा, निघत नाही. ती माती नसून बुरशीच्या घट्ट गाठी आहेत, हे जर्मनीत युलिउस क्यून यांनी १८५८ साली सांगितले आणि तिला ऱ्हायझोक्टोनिया सोलॅनी असे नाव दिले. क्यून मोठ्या जमीनदारीचे कारभारी होते. रोग त्यांनी आधी शेतात पाहिले आणि सूक्ष्मदर्शक नंतर लावला.

या कथेत पुण्याचा एक माणूस आहे आणि त्याची आठवण आपण ठेवली पाहिजे. एस. एल. आजरेकर हे भारतातल्या पहिल्या पिढीच्या कवकशास्त्रज्ञांपैकी एक. एफ. जे. एफ. शॉ यांच्यासोबत त्यांनी १९१५ साली भारतातल्या ऱ्हायझोक्टोनियावर एक निबंध प्रसिद्ध केला. देशभरातल्या पिकांवरून वेगळ्या केलेल्या बुरशा त्यांनी शेजारी शेजारी मांडून तपासल्या. त्यात कुजलेल्या बटाट्यावरून मिळालेल्या एका बुरशीला त्यांनी ऱ्हायझोक्टोनिया डिस्ट्रुएन्स म्हटले. पुढे १९३० मध्ये रामकृष्णन यांनी दाखवून दिले की ती ऱ्हायझोक्टोनिया नव्हेच, ती मोहरीच्या दाण्यांवाली स्क्लेरोशियम रॉल्फसी होती. आजरेकरांसारख्या जाणत्यालाही चकवणारे हे जग आहे, हे मला यातून कळले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला बुरशांच्या नमुन्यांचा संग्रह आज आजरेकरांच्या नावाने ओळखला जातो. कागदी पाकिटांत वाळलेली पाने आणि खोडे ठेवलेली असतात, वर गाव, तारीख, पीक. पुढच्या माणसाला चूक शोधता यावी आणि सुधारता यावी, म्हणून असे नमुने जपायचे असतात.

ऱ्हायझोक्टोनिया ओळखणे अवघड का, ते सांगतो. बहुतेक बुरशा आपली ओळख बीजाणूंतून देतात. कोणाचे बीजाणू चंद्रकोरीसारखे, कोणाचे साखळीत, कोणाचे कुपीत. ऱ्हायझोक्टोनिया सोलॅनी असे अलैंगिक बीजाणू धरतच नाही. जुन्या पुस्तकांत अशा बुरशांना वांझ बुरशा म्हणत. तिच्याकडे असतात ते फक्त तपकिरी पडत जाणारे धागे आणि त्यांच्या गाठी. धाग्याला फांदी जवळपास काटकोनात फुटते, फुटते तिथे किंचित आवळलेली असते आणि थोड्याच अंतरावर आडवा पडदा असतो. एवढ्या तीन खुणा. त्यांवर बटाट्याची बुरशी, धानावरच्या पर्णकोष करप्याची बुरशी, गव्हाच्या मुळांची, मिरचीच्या मानेची, अशा सगळ्या एकाच नावाखाली गेल्या. अधूनमधून, दमट हवेत, खोडाच्या तळाशी पांढुरकी पातळ साय धरते. ती तिची लैंगिक अवस्था. तिला वेगळे नाव होते थानाटेफोरस, म्हणजे मृत्यू वाहून आणणारी. २०११ मध्ये मेलबर्नला एका बुरशीला एकच नाव असा नियम झाला आणि व्यवहारात ऱ्हायझोक्टोनिया हेच नाव राहिले.

मग या भावकीतली घराणी ओळखायची कशी? उत्तर बुरशीनेच दिले.

दोन वेगळ्या शेतांतून आणलेल्या बुरशांचे छोटे तुकडे एका काचपट्टीवर समोरासमोर ठेवायचे, मध्ये दोन-तीन सेंटिमीटर जागा. दोघांचे धागे एकमेकांकडे वाढत येतात. भेटल्यावर काय होते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. चार गोष्टी घडू शकतात. कधी धागे एकमेकांना ओलांडून निघून जातात, ओळखच नाही. कधी भिंतीला भिंत चिकटते पण पुढे काही होत नाही, लांबचे नाते. कधी दोन्ही धागे जुळून एकजीव होतात, आतला रस बेमालूम मिसळतो. असे घडले की दोघे मुळात एकाच बुरशीचे अंश आहेत असे समजावे. आणि चौथा प्रकार मला सर्वांत विलक्षण वाटतो. धागे जुळतात, भिंत विरघळते, रस मिसळतो, आणि थोड्याच वेळात जुळलेल्या आणि लगतच्या पेशी मरतात. एका घराण्याचे, पण वेगळ्या चुलीचे. रंग दिल्यावर त्या मेलेल्या पेशी रिकाम्या पिंपांसारख्या दिसतात. एकाच कुळात राहून एकमेकांना आत न घेणे, याला भाऊबंदकीखेरीज दुसरा शब्द मला सुचत नाही.

१९६९ मध्ये कॅलिफोर्नियात पार्मीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धागेजुळणीवरून चार गट पाडले. पुढे जपानमध्ये अकिरा ओगोशी यांच्यासारख्यांनी हे काम फार पुढे नेले आणि आज तेरा मुख्य गट मानले जातात, शिवाय त्यांचे पोटगट. धागेजुळणी गट या अर्थाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना एजी-१, एजी-२ असे म्हणतात. नंतर डीएनएचा आयटीएस नावाचा तुकडा वाचून तपासले, तेव्हा काचपट्टीवर दिसलेली घराणी बव्हंशी खरी निघाली.

गटांच्या सवयी वेगळ्या आहेत आणि शेतकऱ्याचा संबंध येतो तो इथे. एजी-३ ला थंड जमीन मानवते, बटाटा हे तिचे माहेर. एजी-१ चा एक पोटगट, आयए, धानावरचा पर्णकोष करपा आणतो आणि सोयाबीनवरही उतरतो. एजी-८ ने दक्षिण ऑस्ट्रेलियात गव्हाच्या शेतात टक्कल पडावे तसे चट्टे पाडले. आणि एजी-४ ही उष्ण जमिनीतली, कोवळ्या रोपांवर तुटून पडणारी, खाण्यात फारशी निवड नसलेली. टोमॅटो, कापूस, सोयाबीन, भुईमूग, घेवडा, सगळे तिला चालते. मिरचीच्या मुळांवर जगभर जे गट सापडतात त्यांत एजी-४ वारंवार येते.

आता फेरपालटाचा सल्ला घ्या. "मिरचीवर मर आली तर पुढच्या हंगामात दुसरे पीक घ्या." वाक्य बरोबर आहे, पण कोणते दुसरे पीक? शेतात एजी-४ असेल आणि शेतकऱ्याने मिरचीनंतर सोयाबीन, मग कापूस घेतला, तर त्याने बुरशीची उपासमार केली नाही, ताट बदलून वाढले. पूर्व विदर्भात, जिथे भिवापुरी मिरचीचा पट्टा धानाच्या पट्ट्याला लागून आहे, तिथे धानावर कोणता गट आहे आणि मिरचीवर कोणता, हे कळल्याशिवाय एकाचा रोग दुसऱ्याकडे जातो की नाही हे सांगता यायचे नाही. नाव दोन्हीकडे एकच, ऱ्हायझोक्टोनिया सोलॅनी. औषधांचेही तेच. पेन्सिक्युरॉन हे खास ऱ्हायझोक्टोनियासाठीचे बुरशीनाशक, पण तेही सगळ्या गटांवर आणि एकाच गटातल्या सगळ्या नमुन्यांवर सारखे चालत नाही.

गटाच्या आतही विविधता आहे, ती आपल्याकडच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे मोजली जाते. पद्धत ठरलेली आहे. वेगवेगळ्या तालुक्यांतून रोगट झाडे आणायची. निरोगी आणि कुजलेल्या भागाच्या सीमेवरचा बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडा कापायचा, जंतुनाशकात क्षणभर बुडवून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुवायचा आणि बटाटा व साखरेच्या आगर माध्यमावर पेट्री डिशमध्ये ठेवायचा. अठ्ठावीस अंशांच्या आसपास ठेवलेल्या डिशमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धागे पसरतात. वाढलेल्या कडेचे एकच टोक उचलून नव्या डिशमध्ये लावले की एका बुरशीची शुद्ध वाढ मिळते. मग वही उघडायची. एकीची वाढ कापसासारखी पांढरी, दुसरीची मातकट, तिसरीची चॉकलेटी. एक तीन दिवसांत नव्वद मिलिमीटरची डिश भरते, दुसरी पाच घेते. एकीच्या गाठी कडेने रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या, दुसरीच्या मधोमध, तिसरीला गाठीच नाहीत. सगळ्या एकाच जिल्ह्यातल्या, कधी एकाच गावच्या.

हे रूप पाहत बसावेसे वाटते. पण माझे मत स्पष्ट सांगतो: रंग आणि गाठी मोजून थांबलेले संशोधन शेताच्या बांधापर्यंत पोहोचत नाही. गडद रंगाची बुरशी जहालच असेल आणि गाठी न धरणारी गरीबच असेल, असे काही नाही. जहालपणा कळतो तो कुंडीत. त्यासाठी ज्वारीचे दाणे उकडून, निर्जंतुक करून त्यांवर बुरशी वाढवतात, ते दाणे निर्जंतुक मातीत मिसळतात आणि मिरचीचे बी किंवा रोप लावतात. ज्या ज्वारीने महाराष्ट्र पोसला तीच इथे बुरशीला पोसते. काही कुंड्यांत आठवड्यात एक रोप उरत नाही, काहींत रोपे थोडी खुरटतात आणि सावरतात. मेलेल्या रोपातून तीच बुरशी पुन्हा वेगळी काढायची, मगच आरोप सिद्ध. एखाद्या वाणावर 'मुळकूज सहनशील' असा शिक्का मारण्याआधी तो अशा किती बुरशांसमोर उभा केला होता, हे विचारायला हवे. एकाच डिशमधल्या बुरशीसमोर टिकलेला वाण शेजारच्या तालुक्यात उताणा पडू शकतो.

एवढी विविधता येते कुठून? या बुरशीच्या एकेका पेशीत चार, सहा, आठ केंद्रके असतात आणि ती सगळी सारखीच असतील असे नाही. धागे जुळले तर केंद्रकांची देवघेव होते. लैंगिक अवस्था आली की पाने पुन्हा पिसली जातात. शिवाय या बुरशांनाही विषाणू असतात. काही विषाणूंमुळे जहाल वाण मवाळ होतो. आणि गाठी तर मातीत वर्षानुवर्षे निवांत पडून राहतात, म्हणजे मागच्या पिकावरची बुरशी पुढच्या पिकाला भेटते.

मग ट्रायकोडर्मा? आता गावोगाव हा शब्द माहीत आहे. कृषी सेवा केंद्रात पुडी मिळते, शेणखतात मिसळून टाका असे सांगतात. या उपायाची जन्मकथा थेट ऱ्हायझोक्टोनियाशी जोडलेली आहे. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले रिचर्ड वाइंडलिंग कॅलिफोर्नियात लिंबूवर्गीय रोपांच्या मरीवर काम करत होते. १९३२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की ट्रायकोडर्माचे धागे ऱ्हायझोक्टोनियाच्या धाग्यांना वेटोळे घालतात आणि त्यांना मारून खातात. जैविक नियंत्रणाच्या शास्त्राचा हा एक पाया.

पण पुडी टाकूनही कित्येकांना गुण येत नाही आणि त्याला कारणे आहेत. पहिले, सगळे ट्रायकोडर्मा सगळ्या ऱ्हायझोक्टोनियांना भारी नसतात. इकडे घराणी आहेत तशी तिकडेही आहेत. दुसरे कारण मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात हॅरी हॉइटिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कच्च्या, न कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात ट्रायकोडर्मा असूनही ऱ्हायझोक्टोनिया मोकाट वाढते. समोर सेल्युलोजचे आयते जेवण असताना ट्रायकोडर्मा शिकार करत नाही. तेच खत पुरते कुजले, आयते अन्न संपले, की तो ऱ्हायझोक्टोनियाकडे वळतो. म्हणजे उकिरड्यावरचे अर्धकच्चे शेणखत आणून त्यात पुडी मिसळली, तर आपण दोघांनाही जेवायला बसवतो. 'चांगले कुजलेले शेणखत' हे शब्द प्रत्येक शिफारशीत असतात आणि वाचताना आपण ते ओलांडून जातो. सगळा उपाय त्या 'चांगले कुजलेले' मध्ये आहे.

माती स्वतःही शिकते. कोलोरॅडोत बेकर आणि सहकाऱ्यांनी ऱ्हायझोक्टोनिया मिसळलेल्या मातीत दर आठवड्याला मुळा पुन्हा पुन्हा पेरला. पहिल्या पेरण्यांत रोपे गेली. मग रोग आपोआप कमी होत गेला आणि मातीत ट्रायकोडर्मा वाढलेला सापडला. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲव्हन या ठिकाणी डेव्हिड रोजेट यांनी वर्षानुवर्षे पाहिले की गव्हावरचा रोग आधी वाढत गेला आणि दहा वर्षांच्या आसपास नगण्य झाला. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवांनी त्याला दाबले होते. दहा वर्षे थांबा, असे मिरचीवाल्याला कोण सांगणार? पण दरवर्षी तीव्र रसायनांनी आळवणी करताना आपण मातीतले कोणते मित्र धुऊन काढतो, हा प्रश्न या प्रयोगांनंतर टाळता येत नाही.

जुन्या जाणकारीकडेही यासाठीच वळावेसे वाटते. पंजाबात लायलपूरला वासुदेव यांनी कापसाच्या मुळकुजीवर काम केले तेव्हा कापसात मटकी पेरल्याने रोग घटला. मटकीची सावली जमीन थंड ठेवते, आणि मुळकुजीच्या बुरशांना तापलेली जमीन हवी होती. आपल्या कोकणात आणि मावळात रोप टाकण्याआधी राब भाजतात. पालापाचोळा आणि शेणी पेटवून वाफ्याचा वरचा थर तापवतात. तंबाखूच्या रोपवाटिकेत रोपमरीसाठी हाच उपाय सुचवला गेला आणि 'रॅबिंग' म्हणून तो शब्द इंग्रजी कृषिग्रंथांत गेला. १९७६ मध्ये इस्रायलमध्ये याकोव्ह काटान आणि सहकाऱ्यांनी पारदर्शक प्लॅस्टिकखाली ओली माती उन्हात तापवण्याची पद्धत मांडली. धूर नाही, लाकूडफाटा नाही. एप्रिल-मेमध्ये खानदेशात आणि विदर्भात जे ऊन असते, त्याचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही. निदान रोपवाटिकेच्या वाफ्यापुरते तरी हे प्रत्येकाला शक्य आहे.

आप्पांना मी त्या दिवशी दुकानात जाऊ दिले नाही. आम्ही पूर्ण मेलेली झाडे सोडून दिली, कारण मढ्यावर कुजवणाऱ्या दुसऱ्याच बुरशा चढतात आणि खरा मारेकरी मागे लपतो. नुकती मान टाकू लागलेली पाच झाडे, रोगाच्या पट्ट्याच्या कडेची, कुदळीने मुळांभोवतीच्या मातीसह उचलली. ओल्या प्लॅस्टिकमध्ये ती घामेजतात, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळली. मी कागद काढला आणि विचारले, मिरचीआधी काय होते?

"सोयाबीन."

"त्याआधी?"

"कापूस. त्याआधी पुन्हा मिरची. पलीकडच्या बांधाला भुईमूग असतो." ते थोडे थांबले. "आणि त्या कोपऱ्यात, आंब्याखाली, कधीच काही मरत नाही."

तेही मी लिहून घेतले, आणि आम्ही त्या कोपऱ्यातली ओंजळभर माती वेगळ्या पुडीत बांधली.